कबुतरांचं सोड, तुझं काय?

जाहिरात वाचून ती कोणासाठी काढली आहे हे ओळखणं, एवढी एकच विद्या मला आयुष्यात साधली. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत हयात गेली. रिक्त पदं, बिंदुनामावली, अनुशेष, सेवाप्रवेश नियम हेच माझं वाङ्मय. 'उमेदवारास मोडी लिपी व जीप चालविणे या दोहोंचे ज्ञान आवश्यक' अशी ओळ दिसली की त्या तालुक्यात मोडी वाचणारा एक जीपचालक आहे आणि त्याचा मेहुणा कोणत्या समितीवर आहे, हे मला पुढचं न वाचता कळायचं. निवृत्तीनंतर ही विद्या गंजून जायची. पण धाकट्या बहिणीच्या मुलीनं अमेरिकेत जाऊन प्राण्यांचं वर्तन आणि अध्ययनाचं मानसशास्त्र या विषयात पीएचडी केली. तेव्हापासून इकडे गणपती बसले की तिकडे प्राध्यापक भरतीचा हंगाम उघडतो आणि माझ्या फोनवर जाहिराती येऊन पडू लागतात. खाली भाचीचा एका ओळीचा शेरा असतो : 'मामा, ह्यात कोणी आतला आहे का बघ ना.'

आलेल्या सगळ्या जाहिरातींची मिळून एक केली तर ती साधारण अशी होईल. 'मानसशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक पाहिजे. विषय : अध्ययन, स्मृती, आकलन, तुलनात्मक मानसशास्त्र, मेंदूविज्ञान किंवा संबंधित क्षेत्र, व्यापक अर्थाने. माणसांवर संशोधन करणाऱ्यास प्राधान्य. संख्याशास्त्र शिकवता येत असल्यास उत्तम. विभागाकडे प्राण्यांसाठी माफक जागा उपलब्ध आहे.'

आता हे माझ्या चष्म्यातून वाचा. 'व्यापक अर्थाने' म्हणजे समितीत एकमत झालेलं नाही. एकाला स्मृतीवाला हवा, दुसऱ्याला मेंदूवाला, आणि तिसऱ्याला ही जागाच नको आहे. 'संख्याशास्त्र आल्यास उत्तम' म्हणजे संख्याशास्त्र शिकवणारे गृहस्थ निवृत्त झालेत आणि भरायची आहे ती त्यांची जागा; बाकी सगळा मजकूर सजावटीचा. आणि 'माफक जागा' हा शब्द वाचून तर मला गहिवरून आलं. तळघरात एक खोली आहे, पूर्वी तिथे उंदीर होते, आता खुर्च्या आहेत, असा त्याचा अर्थ. हे मी भाचीला कळवलं. तिनं ओळखीत चौकशी केली. खुर्च्या नव्हत्या, जुने संगणक होते. बाकी सगळं बरोबर निघालं.

भाचीचा प्राणी म्हणजे कबूतर. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझी बहीण दोन दिवस बोलली नाही. कबुतरांना दाणे घालायला कर्ज काढून अमेरिकेत कशाला जायचं, दादरला कबुतरखाना होताच की, असं तिचं म्हणणं. (२०२५ साली महापालिकेनं त्यावरही ताडपत्री टाकली. म्हणजे तिथलीही भरती बंद.) मी मात्र भाचीची प्रयोगशाळा व्हिडिओ कॉलवर नीट पाहिली आहे. गुडघ्याएवढ्या उंचीचा एक डबा. आतल्या भिंतीत कबुतराच्या डोळ्यांच्या रेषेत रुपयाएवढी गोल, उजळणारी चकती. तिच्यावर चोच मारली की खालच्या खणात दाण्यांचं ताट वर येतं, तीन सेकंद थांबतं आणि खट् करून खाली जातं. त्या तीन सेकंदांत कबूतर जे काही साधतं, ते पाहून मला आमच्या कार्यालयातली मार्चअखेर आठवली. पोटभर खायला मिळालं तर पक्ष्याचं जे वजन भरेल, त्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास त्याला ठेवतात, म्हणजे कामात त्याचा रस टिकतो. हे प्रमाण शास्त्रीय आहे आणि जगभर तेच वापरतात. आमच्याकडे वेतन आयोगाला ते कोणी शिकवलं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

आता कोणी म्हणेल, कबुतराला काय कळतं? तर १९९५ साली जपानमध्ये शिगेरू वातानाबे यांनी कबुतरांना मोने आणि पिकासो यांची चित्रं वेगवेगळी ओळखायला शिकवलं. पूर्वी न पाहिलेल्या चित्रांवरूनही ती चित्रकार ओळखत. आमच्या घरात हे फक्त भाचीला जमतं, म्हणजे या बाबतीत कबुतरं आम्हा बाकीच्यांच्या पुढे आहेत.

विषयात काही उणं नाही. उणं आहे ते घराचं. मानसशास्त्र विभाग म्हणतो, प्राणी ना? मग जीवशास्त्राकडे जा. जीवशास्त्र विभाग म्हणतो, तुमचा पक्षी डब्यात बसतो, आमच्याकडे जंगलात फिरावं लागतं. मेंदूवाले विचारतात, कवटीच्या आत काय दिसलं? ती म्हणते, मी आत बघत नाही, पक्षी बाहेर काय करतो ते बघते. त्यावर ते अशा नजरेनं पाहतात, की हिनं रुग्णाला न तपासताच घरी पाठवलं. आमच्याकडे अशा फायलीवर 'योग्य त्या विभागाकडे वर्ग करावे' असा शेरा मारत. ती फाईल नंतर कोणी पाहिली, असा माणूस मला भेटलेला नाही.

या विषयाची बक्षिसंसुद्धा परक्या खात्यातून आलेली. पाव्हलोव्हला १९०४ साली नोबेल मिळालं. लोकांना वाटतं, कुत्र्याच्या लाळेबद्दल मिळालं असेल. मिळालं ते पचनक्रियेच्या कामाबद्दल. १९७३ साली मधमाश्यांचा नाच उलगडणारा फॉन फ्रिश, बदकं-हंसांच्या मागे लागलेला (किंवा ज्याच्या मागे ती लागली होती तो) लोरेन्झ आणि टिनबर्गन या तिघांना मिळून नोबेल दिलं, ते शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यक या शीर्षाखाली. कारण 'प्राणी असं का वागतात' या लेखाशीर्षाखाली तरतूदच नाही. पाव्हलोव्ह मात्र व्यवहाराला पक्का होता. आपल्या कुत्र्यांचा जठररस तो अपचनावरचं औषध म्हणून विकायचा आणि प्रयोगशाळेच्या खर्चाला हातभार लावायचा. असा लेखाधिकारी आम्हाला कधी लाभला नाही.

दारावरच्या पाट्याही बदलत राहिल्या. 'अ‍ॅनिमल लर्निंग अँड बिहेवियर' या नियतकालिकानं २००३ साली नावातून 'अ‍ॅनिमल' काढून टाकला. दुसऱ्या एका मोठ्या नियतकालिकाच्या नावात 'अ‍ॅनिमल बिहेवियर' होतं. त्यानं २०१४ साली अ‍ॅनिमल ठेवला आणि बिहेवियर काढलं. भाऊबंदकीत वाडा वाटला गेला, एकानं ओसरी नेली, दुसऱ्यानं माजघर, आणि भाचीच्या वाट्याला अंगण. महाविद्यालयांतले खरे उंदीरही हळूहळू गेले. त्यांना खोली लागते, माणूस लागतो, परवानग्या लागतात, आणि रविवारीही खायला लागतं. त्यांच्या जागी पुष्कळ ठिकाणी 'स्निफी' नावाचा संगणकातला उंदीर आला. तो पडद्यावर पिंजऱ्यात फिरतो, दांडी दाबायला शिकतो, चावत नाही, मरत नाही. भाची म्हणते, त्याला शिकवणं सोपं आहे. असणारच; त्यानं शिकावं अशी सोय आधीच करून ठेवलेली आहे. आमच्याकडच्या प्रशिक्षण शिबिरांत नेमकी तेवढीच राहून जायची.

वास्तविक या सगळ्या संस्थानाचा मूळ पुरुष उंदीरच. फ्रँक बीच नावाच्या शास्त्रज्ञानं १९५० साली तक्रार केली, की तुलनात्मक मानसशास्त्र म्हणवता आणि तुलना कसली करता, सगळे जण त्या एका पांढऱ्या उंदराच्या मागे लागलात. त्याच्या लेखासोबत एक व्यंगचित्र छापलं होतं. बासरीवाल्यामागून उंदीर चालल्याची जुनी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. इथे बासरी उंदराच्या हातात आहे आणि मागून शास्त्रज्ञांची रांग चालली आहे. भाचीच्या खोलीत हे चित्र लावलेलं आहे. रांगेत आपण शेवटून कितवे, हे ती पाहुण्यांना बोट ठेवून दाखवते.

या विद्येचा इतिहास मी आस्थापनेच्या दृष्टीनं वाचला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. इथे प्राण्यांना कामं चटकन मिळतात. माणसांचं बघावं लागतं. एडवर्ड थॉर्नडाइक हार्वर्डला शिकत असताना कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करायचा. घरमालकीण बिघडली. विद्यापीठात पिल्लांसाठी जागा मिळेना. शेवटी विल्यम जेम्स या थोर तत्त्ववेत्त्यानं आपल्या घराच्या तळघरात पिल्लांची सोय केली. पुण्यात हे झालं असतं तर पिल्लांना भाडेकरार करावा लागला असता, अकरा महिन्यांचा. जॉन वॉटसननं तर 'वर्तन, फक्त वर्तन' असा झेंडा उभारून मानसशास्त्राची दिशाच बदलली; पण १९२० साली स्वतःच्याच वर्तनामुळे, म्हणजे विद्यार्थिनीशी जुळलेल्या प्रेमप्रकरणामुळे, त्याला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सोडावं लागलं. मग तो जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत गेला, लोक दुकानात काय आणि का उचलतात ते शिकण्यासाठी मेसीजच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला, आणि १९२४ साली उपाध्यक्ष झाला. ही गोष्ट माझ्या मेहुण्यांना भारी आवडते. 'बघ, प्राध्यापकीतून हाकलल्यावर माणूस कुठल्या कुठे जातो,' असं ते मुलीला उत्साहानं सांगतात. ती म्हणते, 'बाबा, हाकलायला आधी घ्यावं लागतं.'

कबुतरांचं बघा. दुसऱ्या महायुद्धात स्किनर या मानसशास्त्रज्ञानं त्यांना बॉम्बला दिशा दाखवण्याचं काम शिकवलं. मिनिआपोलिसमध्ये एका पीठ कंपनीनं पैसे आणि गिरणीचा वरचा मजला दिला. पुढे सरकारकडूनही २५ हजार डॉलर मंजूर झाले. अस्त्राच्या नाकाशी तीन कबुतरं बसवायची, समोर पडद्यावर लक्ष्य दिसेल तिथे त्यांनी चोच मारायची, आणि तिघांत मतभेद झाला तर बहुमत धरायचं, अशी योजना. मी आयुष्यात पुष्कळ त्रिसदस्य समित्या पाहिल्या. लक्ष्यावर नजर असलेली ही एकच. १९४४ साली प्रकल्प गुंडाळला. कबुतरं चुकली म्हणून नव्हे. अधिकाऱ्यांना हसू आवरेना म्हणून.

आणि ब्रेलंड दांपत्य! केलर आणि मॅरियन, दोघं स्किनरचेच विद्यार्थी. १९४० च्या दशकात विद्यापीठाचा नाद सोडून त्यांनी प्राणी शिकवण्याचा धंदा टाकला. अर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्जला १९५५ साली 'आयक्यू झू' उघडलं. तिथे कोंबड्या नाचत, बदकं पियानो वाजवत, आणि ब्रेलंडच्या तालमीतल्या कोंबड्या गिऱ्हाइकांशी फुल्ली-गोळा खेळत. धंदा उत्तम चालला. मात्र काही कर्मचारी गोंधळ घालू लागले. रॅकूनला शिकवलं होतं, की नाणं उचलायचं, डब्यात टाकायचं, खाऊ घ्यायचा. एक नाणं त्यानं कुरकुरत का होईना टाकलं. दोन नाणी दिल्यावर साहेब ती एकमेकांवर घासत बसले. डब्यात घालायची, काढायची, पुन्हा घासायची, सोडायची नाहीत. खाऊ मिळत नाही तरी. (हा गृहस्थ आमच्या कोषागारात होता. मला त्याचं नावसुद्धा सांगता येईल, सांगणार नाही.) डुकराला लाकडी नाणी पेढीत भरायला शिकवलं, ते वाटेत नाणं पाडून नाकानं उकरत बसायचं, जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत. १९६१ साली ब्रेलंडनी यावर लेख लिहिला. बक्षीस द्या आणि हवं ते करून घ्या हे सगळीकडे चालत नाही, प्राण्याचा मूळ पिंड आड येतो, असं त्यात सोदाहरण मांडलं. जातीच्या वळणाचं हे सत्य सिद्ध केलं ते ज्यांनी नोकरीसाठी अर्ज करणं सोडून दिलं होतं त्यांनी. अर्ज करण्यातून वेळ मिळाला असता तर भाचीनंही काहीतरी सिद्ध केलं असतं, असं मला वाटतं.

कारण अर्ज ही आता पूर्ण वेळची नोकरी आहे. एका जागेसाठी अर्जपत्र, संशोधनाचं निवेदन, अध्यापनाचं तत्त्वज्ञान, शिकवलेल्या मुलांचे अभिप्राय, तीन शिफारसपत्रं. शिफारसपत्रं लिहिणारे तिघं कधी ध्रुवावर असतात, कधी रजेवर. 'अध्यापनाचं तत्त्वज्ञान' मी वाचलं. दोन पानं होती. माझे मास्तर हे तत्त्वज्ञान एका हातानं मांडायचे आणि ते आजही माझ्या कानाला आठवतं.

एवढं करून उत्तर यायचं ते असं : 'असामान्य गुणवत्तेचे असंख्य अर्ज आल्यामुळे...' पुढचं ती वाचत नाही. काही ठिकाणांहून उत्तरच येत नाही. आणि इथे तिची विद्या तिच्यावर उलटते. स्किनरचा १९४८ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. उपाशी कबुतराला दर १५ सेकंदांनी दाणे द्यायचे, ते काहीही करो अथवा न करो. आठांपैकी सहा पक्ष्यांनी स्वतःचं काही ना काही कर्मकांड तयार केलं. एक डावीकडून गिरक्या घेऊ लागलं, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात मान खुपसू लागलं. त्यांची खात्री झाली होती, की दाणे यामुळेच येतात. या प्रयोगाच्या अर्थावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण आमच्या घरात त्याबद्दल वाद नाही. बहिणीनं देव पाण्यात घातले आहेत, मंगळवार धरलाय. मेहुण्यांनी घराची ईशान्य मोकळी केली, तिथलं कपाट आता नैर्ऋत्येला आडवं येतं. भाची या सगळ्यांना हसते. ती अर्ज फक्त गुरुवारी रात्री पाठवते, कारण एकदा गुरुवारी पाठवलेल्या अर्जाला होकार आला होता. दत्तासाठी नव्हे, असं ती स्पष्ट करते.

होकार म्हणजे मुलाखतीचा. त्या एका होकारानं घात केला. हेही या शास्त्रात जुनं आहे. लॉइड हम्फ्रीज यांनी १९३९ सालीच दाखवलं, की ज्याला प्रत्येक वेळी फळ मिळतं त्याचं फळ बंद झालं की तो लवकर नाद सोडतो. ज्याला कधीमधी मिळतं तो सोडता सोडत नाही. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली यावर जाडजूड ग्रंथच काढला, पानोपानी आलेख. कधी मिळेल याचा नेम नसला की कबूतर अखंड चोच मारत राहतं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. भाची हा धडा वर्गात इतका सुंदर शिकवते, की मुलं टाळ्या वाजवतात. मग खोलीत येऊन ती ईमेल उघडते, बंद करते, उघडते.

मुलाखत दोन दिवसांची होती. पहाटे विमान, सकाळी साडेसातला न्याहारी, मग अर्ध्या अर्ध्या तासानं एकेक प्राध्यापक, मध्ये अधिष्ठाता, विद्यार्थ्यांबरोबर दुपारचं जेवण, तासाभराचं व्याख्यान, आणि रात्री समितीसोबत हॉटेल. वेळापत्रकात 'मोकळा वेळ : १० मिनिटे' अशी नोंद होती, तेवढ्यात एकानं येऊन इमारत दाखवली. न्याहारी असो की जेवण, पद्धत एकच : समिती खाते आणि उमेदवार बोलतो. रात्री हिनं शाकाहारी म्हणून पास्ता मागवला. काटा पहिल्यांदा तोंडाशी नेला तेव्हा प्रश्न आला, 'या संशोधनाचा माणसांना काय उपयोग?' काटा खाली. उत्तर दिलं, काटा वर. 'प्राण्यांऐवजी विद्यार्थ्यांवर हे प्रयोग करता येतील का?' काटा खाली. वेटरनं 'झालं का?' असं नम्रपणे विचारून भरलेली थाळी उचलली. मी तिला फोनवर म्हटलं, 'अगं, तुला ८० टक्क्यांवर आणत होते ते.' ती हसली नाही. हिशेब करत असावी.

तिकडे एक बरं आहे, लग्न, मुलंबाळं असले प्रश्न विचारत नाहीत. कायद्याचा धाक आहे. त्याऐवजी 'आमच्या गावात शाळा फार चांगल्या आहेत' असं म्हणून चेहऱ्याकडे बघत राहतात. हंगाम संपला आणि ती महिनाभर घरी आली, तेव्हा आम्ही म्हटलं, इथेही बघून ठेव. इथल्या वरिष्ठ महाविद्यालयात मान्य पदाला भरती स्थगित होती, तासिका तत्त्वावर जागा होती. तासाला ठरलेले पैसे, तेही तास झाला तर. पॅनेलवरचा पहिलाच प्रश्न : 'लग्न झालंय? यजमान कुठे असतात?' दुसरा : 'समुपदेशन जमेल ना? परीक्षेत मुलांना फार ताण येतो हो.' तिनं कबुतरांचा विषय काढल्यावर प्राचार्य दचकले. 'कबुतरं नकोत, मॅडम. गच्चीवर आहेत तेवढी आम्हाला पुरे झालीत.' बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या बहिणीला संस्थेच्या एका सभासदांनी पोरीचं कौतुक सांगून इमारत निधीची माहिती दिली. ही जागा मी जाहिरात वाचूनच ओळखली होती. भाचीला म्हटलं, बाहेरून एक मुलगा बाईकवरून आला होता ना, मुलाखत न देता चहा पिऊन गेला? तोच.

आपल्याकडे हा विषय नाही असं मात्र समजू नये. म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्र विभागातूनच माकडांचा अभ्यास झाला. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा यांनी रस्त्यावरची कुत्री हाच विषय केला. कुठल्याही गल्लीत उमेदवार बसलेलेच असतात. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्या वळचणीला कागदी पोळं बांधणाऱ्या गांधीलमाशीवर जे काम केलं, ते प्रत्येक आस्थापना शाखेत लावून ठेवण्यासारखं आहे. या पोळ्यातली राणी फार सौम्य. इतकी, की माश्यांचं वागणं नुसतं पाहून राणी कोण हे सांगता येत नाही. पण तिला पोळ्यातून बाजूला केलं, की काही वेळातच एकच एक माशी एकदम आक्रमक होते. बाकीच्या तिला हरकत घेत नाहीत. आठवडाभरात ती अंडी घालू लागते, जागा भरली! राणी असताना ही वारसदार कोणती, हे शास्त्रज्ञांना ओळखता येईना. मग भद्रा आणि गदगकर यांनी पोळं जाळीनं दुभंगून, राणी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ठेवून पाहिलं, तेव्हा निष्कर्ष निघाला, की माणसांना माहीत नसलं तरी माश्यांना ती आधीपासून माहीत असते. भाचीनं मला हा शोधनिबंध पाठवला तेव्हा मी उभ्या उभ्या वाचून काढला. जाहिरात नाही, छाननी नाही, आक्षेप नाहीत, न्यायालयात कोणी जात नाही. उमेदवार विभागाला आधीच ठाऊक आणि बाहेरच्याला पत्ता नाही. तीस वर्षं मी हेच करत आलो. पण त्यावर निबंध छापून येईल असं कधी वाटलं नव्हतं.

सध्या ती तिकडेच एका वर्षाची पाहुणी प्राध्यापक आहे. तिचे मार्गदर्शक मागल्या उन्हाळ्यात निवृत्त झाले, त्यांची जागा भरणार नाहीत असं विभागानं ठरवलं, प्रयोगशाळा बंद. कबुतरांचं काय करायचं? नियमाप्रमाणे योग्य घरी दत्तक देता येतात. भाचीनं जाहिरात काढली. मी तपासून दिली. माझ्या हातून गेलेली बहुधा एकमेव जाहिरात, जिच्यात खरोखर कोणी आतला नव्हता. अर्ज आले, घरं पाहून झाली, आणि सुट्टी लागायच्या आत एकूण एक पक्ष्याची सोय लागली. प्रत्येकाबरोबर भाचीनं शिफारसपत्र दिलं : स्वभाव, वय, खाण्याच्या सवयी, कोणत्या प्रयोगात निवृत्त. बहिणीनं हे ऐकून विचारलं, 'कबुतरांचं सोड, तुझं काय?'

एक पक्षी एका निवृत्त शिक्षिकेकडे गेला. महिन्याभरानं बाईंचा ईमेल आला. पक्षी गोड आहे, पण मायक्रोवेव्हवरच्या हिरव्या दिव्यावर दिवसभर चोच मारतो, काय करावं? भाचीनं तत्परतेनं उत्तर दिलं : अजिबात लक्ष देऊ नका. त्यानं चोच मारल्यावर काहीही खायला घालू नका. सुरुवातीला जास्त जोरानं मारेल, घाबरू नका, आपोआप थांबेल. फक्त एक पथ्य पाळा, कीव येऊन मधूनच एखादा दाणा दिलात, तर तो मग कधीच थांबायचा नाही.

बाईंचं उत्तर दहा मिनिटांत आलं. 'तसं रोज नाही देत मी. अगदीच बिचारा दिसला तरच.'